कोरड्या मुलखातील लाटेचा सूर

धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत ज्यांचे बालपण गेले आहे त्यांना, आडाच्या काठावर ओणवे होऊन आत साद घालण्याचा खेळ वेगळा सांगावयास नको. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलेले असे, आणि पाणी जितके खोल तितका आपला आवाज परत येताना अधिक गोलाई व अधिक गांभीर्य घेऊन येई. एक हाक दिली की तिच्या पाठोपाठ तिच्याच सावल्या दगडी बांधणीवरून घरंगळत वर येत, आणि आपली हाक कोठे संपली व आडाचे उत्तर कोठे सुरू झाले हा भेद पार पुसला जाई. शहराजवळच्या बालाघाटाच्या डोंगरातील धाराशिव लेण्यांतही असाच अनुभव येतो. तेथील स्तंभांच्या मधल्या अंधारात हलक्या आवाजात म्हटलेला एखादा स्वर क्षणभर तेथेच रेंगाळतो. समुद्र या मुलखापासून अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे, आणि येथल्या शेतकऱ्याला लाट म्हणजे काय हे दाखवावयाचे तर उभ्या ज्वारीवरून वारा जाताना दाखवावा लागतो. असे असता, समुद्राच्या लाटांवर फळीवरून स्वार होणाऱ्या कॅलिफोर्नियातील तरुणांसाठी जे गिटारवादन जन्माला आले, आणि ज्याला तिकडे ‘सर्फ गिटार’ असे नाव पडले, ते मी प्रथम ऐकले तेव्हा मला आमच्या आडाची आठवण झाली.

त्या आठवणीला शास्त्राचा आधार आहे, हे मला पुढे कळले. विजेवर चालणाऱ्या गिटारीच्या तारेचे कंपन चुंबकाच्या योगाने विद्युत्प्रवाहात उतरते. त्या प्रवाहाचा काही अंश एका लांब, सैल स्प्रिंगच्या एका टोकाला देऊन तिला थरथरविले, तर तो थरकाप दुसऱ्या टोकापर्यंत जातो, तेथून परततो, पुन्हा जातो, आणि दर फेरीला थोडाथोडा क्षीण होत राहतो. या परतणाऱ्या थरकापांचे पुन्हा विद्युत्प्रवाहात रूपांतर करून ते मूळ स्वरात मिसळले की तो स्वर जणू खोल विहिरीतून किंवा लेण्यातून आल्यासारखा भासतो. ही युक्ती पूर्वी घरगुती विद्युत् ऑर्गनांत वापरली जाई. लिओ फेंडर यांच्या कारखान्याने ती १९६१ साली स्वतंत्र पेटीच्या रूपाने गिटारवादकांच्या हाती दिली. तेथील वादक या आवाजाला ‘ओला’ आवाज म्हणत. पाण्याचे दुर्भिक्ष पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या आपल्या भागातील माणसाला हा शब्द सहज पटावा.

या वादनाचा अध्वर्यू डिक डेल. त्याचे मूळ नाव रिचर्ड मन्सूर, आणि पित्याकडून तो लेबनॉनमधील घराण्याचा. बालपणी अरबी वाद्यांचे वादन त्याने आपल्या काकांकडून ऐकले होते, आणि ऊद या वाद्याच्या तारेवर नखीचे जे अविरत, द्रुत आघात केले जातात त्यांचाच संस्कार त्याच्या गिटारीवर झाला. सरोदवादक झाल्याच्या अंगाने तारेवर जव्याच्या आघातांचा जो वर्षाव करतो तो ज्यांनी ऐकला आहे त्यांना या वादनाची जात ओळखीची वाटेल. ‘मिसिरलू’ ही पूर्व भूमध्य प्रदेशातील जुनी चाल त्याने १९६२ साली एका तारेवर, विलक्षण वेगाने वाजवून मुद्रित केली. दोन वर्षांत इंग्लंडमधील बीटल्स अमेरिकेत अवतरले, आणि या वादनाचा बहर ओसरला. पुढे १९९४ साली ‘पल्प फिक्शन’ या चित्रपटाच्या आरंभी तीच तबकडी वाजविली गेली, तेव्हा सुमारे तीस वर्षांच्या विस्मृतीनंतर तरुणांची एक नवीनच पिढी तिच्यामागे लागली.

विस्मृतीतून परतणाऱ्या वादनाची ही कथा आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही, कारण मुंबईच्या चित्रपटसंगीतात याच जातीची आणि याच नशिबाची एक ध्वनिमुद्रिका आहे. १९६५ सालच्या ‘गुमनाम’ या चित्रपटात, शंकर-जयकिशन यांच्या संगीतदिग्दर्शनाखाली महंमद रफी यांनी गायिलेले ‘जान पहचान हो’ हे गीत आरंभीच येते. रफींचा आवाज सुरू होण्यापूर्वी जी गिटार धावत सुटते, ती जणू पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावरूनच आली आहे असे वाटावे. पडद्यावर मुखवटे घातलेले नर्तक आणि वाद्यवृंद दिसतो. त्या वृंदाच्या नगाऱ्यावर ‘टेड लायन्स अँड हिज कब्ज’ असे नावही दिसते. २००१ साली ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकी चित्रपटाच्या प्रारंभी या गीताचा चित्रखंड दाखविला गेला, आणि हिंदीचे एक अक्षर न समजणारे लोक त्यावर लुब्ध झाले. परंतु चित्रपटाच्या नामावलीत गायक, कवी आणि संगीतदिग्दर्शक यांचा मानाने उल्लेख व्हावा, व ज्याच्या दोन हातांनी ते गीत पहिल्या क्षणी उभे केले त्या वादकाला मात्र त्यात जागा नसावी, ही त्या काळच्या सर्व चित्रपटगीतांची रीत होती. वृंदातील वादकाला त्या दिवसाची बिदागी मिळे आणि तेथे त्याचा हिशेब चुकता होई. ही रीत मला नेहमीच अन्यायाची वाटत आली आहे. तिच्यामुळे आपल्या संगीताच्या इतिहासाचे निम्मे दप्तर कोरे राहिले.

गिटार हे वाद्य आपल्याकडे ज्या मार्गाने आले तो मार्गही समुद्राचाच आहे. गिटार मांडीवर आडवी ठेवून, पडद्यांवर बोटे दाबण्याऐवजी तारेवरून पोलादी पट्टी सरकवीत वाजविण्याची पद्धती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांत रूढ झाली, आणि तिचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकुकू या तरुणाला दिले जाते. परंतु त्याच बेटांत अशीही एक आठवण सांगितली जाते, की गॅब्रिएल डेव्हियन नावाचा, हिंदुस्थानात जन्मलेला आणि जहाजातून तेथे आणला गेलेला एक मुलगा याच रीतीने तार सरकवून वाजवीत असे. विचित्रवीणेवर काचेचा गोळा आणि दक्षिणेकडील गोट्टुवाद्यावर लाकडी दांडू याच न्यायाने फिरविला जातो. डेव्हियनची कथा खरी असो वा लोकांनी जपलेली आख्यायिका असो, हवाई गिटार हिंदुस्थानात आली तेव्हा ती परक्या घरी आली नव्हती. मींड हा आपल्या संगीताचा प्राण. आणि पडद्यांचा अडसर नसलेली, स्वरापासून स्वरापर्यंत अखंड वाहणारी तार मींडेसाठीच घडविल्यासारखी होती. शिवाय विजेच्या गिटारीचे पहिले यशस्वी रूप, म्हणजे कॅलिफोर्नियात १९३१-३२च्या सुमारास तयार झालेली आणि आकारावरून ‘तळणीचा तवा’ असे टोपणनाव मिळालेली गिटार, हीदेखील मांडीवर ठेवून वाजविण्याची हवाई गिटारच होती. विजेमुळे स्वर अधिक काळ टिकू लागला, आणि स्वर टिकला म्हणजे मींड लांबविता येते. सतारीची तार जेथे श्वास सोडून देते तेथून पुढेही ही तार गात राहते.

हवाईच्या गिटारवादकांपैकी टाउ मो हे चाळीशीच्या दशकात काही काळ कलकत्त्यास राहिले होते. त्यांच्या जीवनाचा उत्तरार्ध येथे सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. पन्नासांहून अधिक वर्षे त्यांचे कुटुंब देशोदेशी वाजवीत फिरले, आणि वार्धक्यात हवाईला परतून निवृत्त झाले. तेथे त्यांनी एके दिवशी बॉब ब्रोझमन या अमेरिकी गिटारवादकाकडे त्याची एक तबकडी टपालाने मागविली. पत्राखालील नाव वाचून ब्रोझमन थक्क झाला, कारण १९२९ साली टोकियोत मुद्रित झालेल्या ज्या जुन्या हवाई ध्वनिमुद्रिका तो पूज्यभावाने ऐकत आला होता, त्यांतील गिटारवादकाचे हेच नाव होते. शोध करणाऱ्याने ज्याला इतिहासजमा मानले होते तो इतिहासपुरुष स्वतःच ग्राहक म्हणून दाराशी आला. पुढे दोघांनी मिळून तीच जुनी गीते, टाउ मो यांच्या पत्नी रोझ यांच्या आवाजासह, पुन्हा मुद्रित केली, आणि ती १९८९ साली प्रसिद्ध झाली. साठ वर्षांनी तोच हात त्याच चालीवरून फिरावा, हे भाग्य फार थोड्या वादकांना लाभते.

आता आपल्या मुलखाकडे वळू. १९४८च्या सप्टेंबरात निजामाची राजवट संपली आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, हा जिल्हा हैदराबाद राज्याच्या नव्या अमदानीत आला. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात सामील झाला. याच वर्षांत आकाशवाणीवर एक मोठे स्थित्यंतर घडत होते. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ नभोवाणीमंत्री झाले. ते शास्त्रीय संगीताचे निष्ठावंत जाणकार होते, आणि चित्रपटगीतांनी लोकाभिरुची बिघडते अशी त्यांची प्रामाणिक धारणा होती. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली, व श्रोता सुई फिरवून रेडिओ सिलोनकडे गेला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून सरकारला तो श्रोता परत बोलवावा लागला. केसकरांच्या हेतूबद्दल मला आदर आहे, परंतु लोकांच्या कानांवर हुकूम चालत नाही, हे त्यांच्या निर्णयाने दाखवून दिले. ज्या घरी रेडिओ नव्हता, आणि आपल्या खेड्यांत तो क्वचितच एखाद्या वाड्यात किंवा पुढे ग्रामपंचायतीच्या कचेरीत असे, त्या घरांना संगीत पोचविले ते लग्नकार्यात व जत्रेत कर्णे बांधणाऱ्या लाऊडस्पीकरवाल्यांनी. येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री यात्रा असो की तुळजापूरचे नवरात्र, उंच बांबूवर बांधलेल्या त्या पत्र्याच्या कर्ण्यातून येणारा सूर दोन-दोन कोसांवरील शिवारात ऐकू जाई.

त्या सुरांत, गायकाच्या आवाजावाचून केवळ वाद्यावर वाजविलेल्या चित्रपटगीतांचा वाटा मोठा होता. या तबकड्यांचे एक वैशिष्ट्य असे, की त्यांवर वादकाचे नाव छापलेले असे. वृंदातील निनावी अंधारातून वादक बाहेर येऊन स्वतःच्या नावाने उभा राहू शकेल अशी ही जवळजवळ एकच जागा होती. आणि या जागेवरील सर्वांत तेजस्वी नावांपैकी एक नाव व्हॅन शिप्ली यांचे.

व्हॅन शिप्ली १९२७ साली लखनौ येथे एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मले. व्हायोलिन आणि गिटार ही दोन्ही वाद्ये त्यांच्या हाती सारख्याच अधिकाराने चालत. चाळीशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ते मुंबईस आले, चित्रपटांच्या वृंदांत वाजवू लागले, आणि पुढे आपल्या स्वतःच्या आखणीची आठ तारांची विद्युत्‌-गिटार घेऊन त्यांनी चित्रपटगीतांच्या कितीतरी ध्वनिमुद्रिका दिल्या. हिंदुस्थानातील पहिले विद्युत्‌-गिटारवादक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या काही मुद्रिकांत त्यांच्या जोडीला पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांचे अ‍ॅकॉर्डियन आहे, आणि या दोघांचे संभाषण हा एक आनंदाचा ठेवा आहे. अ‍ॅकॉर्डियनचा स्वर भात्याच्या श्वासाने भरतो व ओसरतो. गिटारीचा स्वर आघाताने एकदम उमलतो आणि मग पट्टीच्या ओघात वितळत जातो. पहिला कडव्याची वाट मोकळी करून देतो, दुसरा मुखड्यावर येऊन ठाकतो. शिप्लींच्या वादनात गाण्याची हुबेहूब नक्कल नसते. गायिकेने जेथे खटका घेतला तेथे ते पट्टी किंचित उचलतात, आणि जेथे शब्द संपतो तेथे तार थरथरू देऊन शब्दाची उणीव भरून काढतात. गीत ज्याला पाठ आहे त्या श्रोत्याला शब्द ऐकू आल्याचा भास होतो. ज्याला पाठ नाही त्याला निखळ स्वर मिळतो. ते २००८ साली मुंबईत निवर्तले.

नळदुर्गचा किल्ला आपल्या जिल्ह्यात आहे, आणि बोरी नदीचे पाणी अडवून बांधलेल्या भिंतीच्या पोटातील तेथील पाणीमहाल पावसाळ्यात ज्यांनी पाहिला असेल त्यांना, कोसळत्या पाण्याच्या पडद्याआड उभे राहिले म्हणजे माणसाचा आवाज कसा भिजून निघतो, हे माहीत असेल. ही वास्तू दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या अमदानीतील. हा सुलतान संगीताचा एवढा भोक्ता, की ‘किताब-ए-नौरस’ हा गीतसंग्रह त्याने दख्खनी भाषेत रचला, आणि आपल्या आवडत्या तंबुऱ्याला त्याने ‘मोतीखान’ असे नाव दिले. चारशे वर्षांपूर्वीच्या एका तंबुऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे; आणि साठ वर्षांपूर्वी मुंबईत वाजविलेल्या, अवघ्या देशाने ऐकलेल्या गिटारीच्या वादकाचे नाव चित्रपटाने नोंदविले नाही. राजाने नोंद केली म्हणून मोतीखान टिकला. तबकडीच्या कागदावर नाव छापले गेले म्हणून शिप्ली टिकले.

टिकणे आणि ऐकले जाणे यांत मात्र अंतर आहे, आणि ते कसे सांधले जाते याचा अलीकडचा उत्तम दाखला चरणजित सिंग यांचा. हे मुंबईच्या चित्रपटवृंदांतील वादक. गिटार, बेस आणि पुढे विजेवरील कळफलकाची वाद्ये ते वाजवीत. १९८२ साली त्यांनी जपानी बनावटीची तीन नवीन विद्युत्‌-वाद्ये जोडून भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी हे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजविले. तबकडी निघाली, फारशी खपली नाही, आणि विसरली गेली. २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली. २०१० साली त्याने ती पुन्हा प्रसिद्ध केली, आणि सत्तरीतील चरणजित सिंग यांना युरोपातील तरुण श्रोत्यांपुढे वाजविण्याची निमंत्रणे येऊ लागली. २०१५ साली ते गेले. पाश्चात्त्य समीक्षकांनी त्यांचे कौतुक केले ते मुख्यतः या कारणाने, की १९८७ साली शिकागोत जो ‘अ‍ॅसिड हाऊस’ नामक संगीतप्रकार उदयास आला त्याची चाहूल या तबकडीत पाच वर्षे आधी लागते. हे निरीक्षण चुकीचे नाही, पण अपुरे आहे, आणि त्यात एक सूक्ष्म अन्यायही आहे असे मला वाटते. त्या जपानी यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची सोय होती. शिकागोच्या वादकांना ती एक नवलाई वाटली, चरणजित सिंगांना तिच्यात मींड दिसली. शिकागोत पुढे काय होणार आहे हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांना ललत वाजवावयाचा होता. विसरलेल्या वादकाला परत आणताना आपल्या सोयीच्या वंशावळीत त्याला बसविण्याचा मोह होतो, व तो आवरणे हे संशोधकाचे पहिले कर्तव्य होय. त्याने काय वाजविले ते आधी ऐकावे, तो कोणाचा पूर्वज ठरतो हे मागाहून पाहावे.

आपल्याकडेही हे काम निष्ठेने करणारी माणसे आहेत. मुंबईत १९९० साली ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची संस्था स्थापन झाली, आणि डॉ. सुरेश चांदवणकर यांनी तिच्या नियतकालिकातून व मराठी लेखनातून जुन्या तबकड्यांचा इतिहास नोंदविण्यात आयुष्याची कितीतरी वर्षे वेचली. हे काम कष्टाचे आहे, कारण तबकडी हा कागदासारखाच नाशिवंत दस्तऐवज आहे. ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची असते. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा स्राव सोडतात त्यात दगडाची पूड व काजळी मिसळून ती घडविलेली असते. म्हणून ती हातातून पडली तर फुटते, उन्हात ठेवली तर वाकते, आणि स्पिरिटने पुसली तर विरघळते. अनेक घरांत उत्साहाच्या भरात स्पिरिटने पुसून तबकड्यांचा नाश झालेला आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले. साधे स्वच्छ पाणी, साबणाचा एखादा थेंब आणि मऊ फडके एवढे पुरते, मात्र मधला कागद भिजू देऊ नये. शिवाय तिची खाच रुंद असते. पुढील काळातील लाँग-प्ले तबकडीची सुई एक सहस्रांश इंचाच्या सुमाराची. ती ७८च्या खाचेत तळाशी आपटत जाते व नुसती खरखर ऐकविते. तेथे सुमारे तीन सहस्रांश इंचाची सुई लागते, आणि ती लावली म्हणजे ज्या तबकडीला आपण निकामी म्हणून अडगळीत टाकले होते ती एकाएकी बोलू लागते. दोष तबकडीचा नसून सुईचा होता असे आढळण्याचे प्रसंग या छंदात वारंवार येतात.

असा एक प्रसंग माझ्याही वाट्याला आला. कळंब तालुक्यातील मांजरेकाठच्या एका गावी एका जुन्या लाऊडस्पीकरवाल्याच्या घरची अडगळ निघाली, तेव्हा गंजलेल्या कर्ण्यांच्या खाली पत्र्याच्या पेटीत वीस-पंचवीस तबकड्या होत्या. त्यांतील निम्म्या फुटलेल्या, काही वाळवीने कागद खाल्लेल्या. एक मात्र अखंड होती. तिच्या मधल्या कागदावर वर्षानुवर्षांचा अंगठा एकाच जागी लागून चित्रपटाचे नाव पार पुसले गेले होते, गीताच्या आरंभीच्या दोन अक्षरांखेरीज काही शिल्लक नव्हते, आणि संगीतदिग्दर्शकाच्या नावावर तेलाचा डाग होता. खालची ओळ तेवढी शाबूत होती. पाण्याने पुसून, रुंद सुई लावून ती फिरविली, तेव्हा आरंभीच्या खरखरीतून तार वर आली, एका लांब मींडेने पहिल्या स्वरापर्यंत चढली आणि तेथे थरथरत राहिली. गीत कोणते हे मला अजून ओळखता आलेले नाही. घरातील वडीलधाऱ्यांनाही ऐकविले, ते चाल गुणगुणतात, पण शब्द कोणालाच आठवत नाहीत. कागदावरील ती खालची ओळ अशी आहे : व्हॅन शिप्ली, इलेक्ट्रिक गिटार.